दीडपट वेगाने पाहिलेला बँक शॉट

मरोळ नाक्याहून मिलिटरी रोडकडे चालत निघालं की उजव्या हाताला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक पूल पार्लर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान आणि मोबाइल दुरुस्ती, वर चार टेबलं, एक कूलर आणि भिंतीवर खडूने लिहिलेले तासाचे रेट. पावसाळ्यात जिना ओला असतो आणि वर सुक्या मासळीचा आणि चॉकच्या धुळीचा असा काहीतरी मिश्र वास येतो. गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर मी तिथे जातो आणि मुख्यतः एकच गोष्ट शिकतो: बँक शॉट.

ज्यांनी पूल खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॉकेटमध्ये घालायचा बॉल सरळ जात नसेल तर तो आधी कुशनवर आपटवायचा आणि तिथून परत येऊन पलीकडच्या पॉकेटमध्ये पाडायचा, हा बँक. पांढरा बॉलच आधी कुशनला लावून मग समोरच्या बॉलवर नेला तर त्याला किक म्हणतात. स्नूकरवाली जुनी मंडळी बँकला 'डबल' म्हणतात. कॅरमवाल्यांना वेगळं सांगायला नको, त्यांच्याकडे रिबाउंड आहे.

हे शिकण्यासाठी मी जे जे पाहिलं आणि वाचलं त्याबद्दल हा लेख आहे. म्हणजे ही एक प्रकारची समीक्षाच समजा, फक्त कादंबरीची नाही तर शिकवणाऱ्या साहित्याची. असं साहित्य आपण रोज वापरतो. त्याला रेटिंग देतो, लाइक देतो, पण ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही हे कुणी फारसं लिहीत नाही.

सुरुवात अर्थातच व्हिडिओने झाली. माझी पिढी इंजिनियरिंग व्हिडिओवर पास झाली आहे, यात अतिशयोक्ती नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री थर्मोडायनॅमिक्सचं एक आख्खं युनिट चाळीस मिनिटांत, तेही दीडपट वेगाने. नोकरीला लागल्यावर नवी फ्रेमवर्क शिकायची तरी तेच. त्यामुळे बँक शॉट शिकायचे ठरवल्यावर पुस्तक हा पर्याय डोक्यातही आला नाही. दोन महिन्यांत मी किती व्हिडिओ पाहिले असतील याचा हिशोब नाही. मेट्रोत घाटकोपरला जाताना, जेवताना, स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. सगळं समजत होतं. टेबलाशी गेलो की बॉल पॉकेटच्या अलीकडे येऊन आपटत होता. प्रत्येक वेळी अलीकडेच, पलीकडे कधी नाही.

आमच्या पार्लरचा मार्कर पन्नाशीचा आहे. मार्कर म्हणजे टेबलं लावणारा, वेळ लिहिणारा, बॉल पुसणारा माणूस. बिलियर्ड्सच्या क्लबांत हा शब्द फार जुना आहे आणि पार्लरवाल्यांनी तो तसाच उचलला. एके दिवशी तो माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत उभा राहिला. मी एक शॉट बघून तसाच मारत होतो. चार वेळा चुकल्यावर तो म्हणाला, "अरे इंजिनियर, तो माणूस जोरात नाय मारत. तुझा फोन जोरात चालतोय."

फोन दीडपट वेगावर होता. सवयीने. मला ते दिसतही नव्हतं.

माझ्या मते व्हिडिओवरची सगळ्यात महत्त्वाची टीका त्याने त्या एका वाक्यात केली होती, म्हणून हे जरा उलगडून सांगतो. बँक शॉटमध्ये दोन गोष्टी असतात, रेषा आणि वेग. शाळेत शिकलो तसं येणारा कोन बरोबर जाणारा कोन, हा आरशाचा नियम बॉलला पूर्ण लागू होत नाही. बॉल आरशावर पडणारा किरण नाही. तो लोळतो, रबराच्या कुशनमध्ये थोडा रुततो आणि बाहेर येताना पुढच्या दिशेने फिरतच असतो. हळू मारलेला, नीट लोळत गेलेला बॉल कुशनवरून सुटल्यावर किंचित वळण घेतो आणि रुंद कोनात जातो. जोरात मारलेला बॉल घसरत कुशनला भिडतो, खोल रुततो आणि आखूड कोनात परत येतो. त्यावर बाजूचा स्पिन असेल तर आणखी फरक. कट देऊन मारलेल्या बॉलला पांढऱ्या बॉलच्या घासण्यानेही थोडा स्पिन मिळतो, आपल्याला न विचारता. म्हणजे त्याच रेषेवर तोच बॉल वेगवेगळ्या जोराने मारला तर वेगवेगळ्या जागी जातो. मी नेमका जास्त जोराने मारत होतो, म्हणून बॉल आखूड येत होता.

आता बघा, व्हिडिओ पुस्तकापेक्षा जे एकच काम निर्विवादपणे चांगलं करू शकतो ते म्हणजे वेग दाखवणं. आणि आपण पहिलं काय करतो, तर वेग बदलतो. वेळ वाचवण्यासाठी आपण त्या माध्यमातला एकमेव माल फेकून देतो आणि खोका घरी आणतो. निवेदकाचं बोलणं दीडपटीने कळतं, कारण भाषा आपल्याला आधीच येते. बॉलची चाल दीडपटीने पाहिली तर ती दुसरीच चाल असते.

दुसरी तक्रार कॅमेऱ्याची. बहुतेक व्हिडिओ खेळाडूच्या मागून, खांद्याच्या उंचीवरून घेतलेले असतात. तिथून टेबल आखूड दिसतं आणि समोरच्या कुशनवर बॉल नेमका कुठे टेकला हे डोळा चुकीचं सांगतो. काही जण वरून, छताला कॅमेरा लावून दाखवतात. त्यात रेषा खरी दिसते, पण तुम्ही कधीच छताला लटकून खेळणार नसता. हे सांगणारा व्हिडिओ मला क्वचितच भेटला. शिवाय वीस वेळा चुकून एकविसाव्या वेळी पडलेला बॉल तेवढा अपलोड होतो. चुकलेले वीस शॉट जास्त शिकवणारे होते, पण ते कुणी ठेवत नाही.

हे सगळं होत असताना माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मला रॉबर्ट बर्न यांचं 'बर्न्स स्टँडर्ड बुक ऑफ पूल अँड बिलियर्ड्स' मिळालं. इंजिनियरिंगच्या पोरांनी सेमिस्टर संपल्यावर विकलेल्या पुस्तकांच्या थप्पीत. हे पुस्तक पहिल्यांदा 1978 साली आलं. बर्न हे शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर, हे मला नंतर कळलं आणि पुस्तकातली शिस्त एकदम समजली. पहिला भाग पूलचा, दुसरा थ्री-कुशन बिलियर्ड्सचा. भाषा विनोदी आहे, आकृत्या मात्र ड्रॉइंग बोर्डवरच्या. एका पानावर एक टेबल, त्यावर बॉल, त्यावर रेषा.

पहिला आठवडा मला कंटाळा आला. आकृती हलत नाही. एखादं पान समजायला वीस मिनिटं लागत होती, कारण वरून काढलेलं टेबल मला डोक्यात उचलून, वळवून, माझ्या उभ्या राहण्याच्या जागेवरून बघावं लागत होतं. मग लक्षात आलं की शिकणं याच उचलण्या-वळवण्यात होतंय. व्हिडिओत ते काम कॅमेरामनने केलेलं असतं.

एक उदाहरण देतो, कागद-पेन असेल तर काढून बघा. नऊ फुटी पूल टेबलाची खेळायची जागा साधारण 100 इंच बाय 50 इंच असते. कडेच्या लाकडावर ठिपके किंवा चौकटी असतात, त्यांना डायमंड म्हणतात. दोन डायमंडमध्ये साडेबारा इंच. समजा बॉल टेबलाच्या रुंदीच्या बरोबर मध्ये आहे आणि मधल्या पॉकेटच्या रेषेपासून दीड डायमंड लांब. तो डाव्या कुशनवर आपटवून उजवीकडच्या मधल्या पॉकेटमध्ये घालायचा आहे. बॉलपासून कुशनपर्यंत 25 इंच, कुशनपासून समोरच्या पॉकेटपर्यंत 50 इंच. प्रमाण एकास दोन. म्हणजे दीड डायमंडाचा एक तृतीयांश भाग जाताना, दोन तृतीयांश येताना. बॉलच्या समोरच्या बिंदूपासून अर्धा डायमंड पुढे कुशनवर लावायचा. झालं. बॉलची त्रिज्या सव्वा इंचाला थोडी कमी, तेवढी काटेकोरपणे धरायला हवी, पण अंदाजाला हे पुरतं.

हे गणित आठवीतल्या पोराला येतं. समरूप त्रिकोण. पण मी इतके व्हिडिओ पाहूनही ते स्वतः एकदाही केलं नव्हतं, कारण व्हिडिओत कुणीतरी ते करून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. पुस्तकाने मला पेन्सिल धरायला लावली. आणि एक गोष्ट पेन्सिल धरल्यावरच कळली: निघताना एका अंशाची चूक झाली तर या शॉटमध्ये पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत ती जवळपास दीड इंचाची होते. बॉलच सव्वादोन इंचांचा. त्या दिवसापासून चुकल्यावर कुशनला शिव्या देणं कमी झालं.

इथे एक आडवाट. डायमंड ही मुळात छापील गोष्ट आहे, टेबलावरच छापलेली. आणि आपल्याकडच्या बिलियर्ड्सच्या परंपरेत ती नव्हती. इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या टेबलावर डायमंड नसतात. पुण्यात 1922 साली जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, मुंबईचे मायकेल फरेरा पुढे तीनदा झाले, ते सगळं त्या कोऱ्या कडांच्या बारा फुटी टेबलांवर. तो खेळ जिमखान्यांचा आणि क्लबांचा होता. पूल पार्लरं नंतर आली आणि मरोळ-साकीनाक्यासारख्या ठिकाणी सदस्यत्वाशिवाय कुणालाही तासाच्या पैशावर टेबल मिळू लागलं. आमच्या पार्लरमध्ये स्नूकर खेळून आलेली जी मंडळी आहेत त्यांना डायमंड म्हणजे नक्षी वाटते. एकाने मला विचारलंसुद्धा, "ते ठिपके कशाला बघतोस?" तो माझ्यापेक्षा चांगले बँक मारतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

पुस्तकही खोटं बोलतं. बहुतेक आकृत्यांत कुशनवरून निघालेली रेषा पट्टीने मारलेली असते. खरा बॉल तसा जात नाही, वर सांगितलं तसा वळतो. पुस्तक शब्दांत सांगतं की मध्यम जोराने मारा. मध्यम म्हणजे किती? रेसिपीतल्या 'चवीनुसार मीठ'सारखं आहे हे. मीठ कधी घातलंच नाही त्याला काय कळणार. अर्ध्या डायमंडचं माझं गणित बरोबर होतं आणि तरी बॉल आत जात नव्हता, कारण ते गणित एका ठरावीक जोराचं आहे आणि तो जोर कागदावर लिहिता येत नाही.

तिथे मी परत व्हिडिओकडे गेलो, पण या वेळी कानाने. हेडफोन लावून, एकपट वेगाने. बॉल कुशनवर आपटल्याचा आवाज जोरानुसार बदलतो. हळू मारलेला दबका 'ठप', जोरातला 'टक'. आणि आपटल्यापासून पॉकेटमध्ये पडेपर्यंतचा वेळ मोजता येतो, तबल्याच्या मात्रा मोजतो तसा. हे कुठल्याही पुस्तकात येऊ शकत नाही आणि कुठल्याही व्हिडिओवाल्याने मला मुद्दाम सांगितलंही नाही. पडद्यावर ते आपोआप होतं, बघणाऱ्याने ऐकायचं ठरवलं तर.

आतापर्यंत पाहिलेला बँकसंबंधीचा सगळ्यात चांगला व्हिडिओ कुठला असं विचाराल तर उत्तर जरा लाजिरवाणं आहे. 1959 चा डिस्नेचा 'डोनाल्ड इन मॅथमॅजिक लँड'. सत्तावीस मिनिटांची कार्टून फिल्म. त्यात थ्री-कुशन बिलियर्ड्सचा एक भाग आहे, पॉकेट नसलेल्या टेबलावरचा, आणि खरा माणूस खरे शॉट मारतो. डायमंडना आकडे दिलेले आहेत आणि साधी वजाबाकी करून कुठल्या डायमंडवर मारायचं ते काढतात. हा भाग इतका चांगला का आहे याचा मी बराच विचार केला. कारण तो व्हिडिओ असून पुस्तकासारखा वागतो. शॉट मारण्याआधी तो थांबतो, टेबलावर आकडे लिहितो, रेषा काढतो, तुम्हाला वजाबाकी करायला क्षणभर देतो, आणि मग बॉल सोडतो. आधी अंदाज, मग उत्तर. आजच्या व्हिडिओंत उत्तर थंबनेलवरच असतं.

याच रस्त्यावरचं अलीकडचं काम डेव्हिड अल्सिएटोर यांचं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले मेकॅनिकल इंजिनियरिंगचे माजी प्राध्यापक, पूलच्या जगात 'डॉ. डेव्ह'. त्यांचं 'द इलस्ट्रेटेड प्रिन्सिपल्स ऑफ पूल अँड बिलियर्ड्स' 2004 चं. पुस्तकात जागोजागी क्लिपचे क्रमांक आहेत, नेहमीच्या वेगाच्या वेगळ्या आणि हायस्पीड कॅमेऱ्याच्या वेगळ्या. रेषा पानावर, वेग क्लिपमध्ये. हायस्पीड क्लिपमध्ये बॉल कुशनमध्ये रुतताना आणि सुटल्यावर वळताना प्रत्यक्ष दिसतो. माझा भाबडेपणा पुरता उतरला तो तिथे. वेग कमी करणं आणि वाढवणं यात किती फरक आहे! कमी केलेला वेग काहीतरी दाखवतो, वाढवलेला लपवतो. एक कुरकुर मात्र आहे. माणूस भौतिकशास्त्रात इतका रमतो की साध्या खेळाडूला कुठलं पान आज उपयोगाचं आणि कुठलं फक्त मजेचं हे कळत नाही. बर्न यांच्यात लेखक होता, तो वाचकाला हाताला धरून नेतो. डॉ. डेव्ह सगळी दारं उघडून देतात आणि तुम्हाला सोडून देतात. बर्न यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या जोडीने व्हिडिओही काढले होते, पण माझं मत विचाराल तर ते पानावरच जास्त चांगले आहेत.

फ्रेंच गणिती कोरिऑलिस यांनी तर 1835 सालीच बिलियर्डच्या बॉलवर आख्खा ग्रंथ लिहिला होता. सिद्धांताची कमतरता कधीच नव्हती, असं म्हणू.

कॅरमचं काय? हा प्रश्न मला सारखा पडत होता, कारण रिबाउंड मी लहानपणापासून मारतोय, आणि तो ना पुस्तकातून शिकलो ना व्हिडिओतून. गावठाणाजवळच्या आमच्या चाळीत संध्याकाळी बल्बखाली बोर्ड लागायचा. हरलेला उठायचा आणि उभा राहून बघायचा. अर्धं शिक्षण त्या उभं राहण्यात व्हायचं. मला वाटायचं, माझ्याकडे रिबाउंडची नजर तयार आहे, पूल सोपा जाईल. उलट त्याच नजरेने मला फसवलं. कॅरमची सोंगटी लोळत नाही, पावडरवर सपाट घसरते, आणि चौकट लाकडाची असते, रबराची नाही. त्यामुळे ती आरशाच्या नियमाच्या बरीच जवळ वागते, आणि जोर बदलला तरी कोन फार बदलत नाही. पूलमध्ये जोर म्हणजेच कोन. हे मला वर्षभरात कुणी सांगितलं नाही. पूल शिकवणारे लोक कॅरम खेळत नाहीत आणि कॅरमवाले पूलवर लिहीत नाहीत. मराठीत कुणीतरी या दोन खेळांवर शेजारी शेजारी ठेवून लिहायला हवं, आपल्याकडच्या हजारो पोरांना त्याचा खरा उपयोग होईल.

आणि हवामान. थ्री-कुशनच्या व्यावसायिक टेबलांखाली हीटर असतो, कापड कोरडं राहावं म्हणून. आमच्याकडे हीटर सोडा, जुलैत कूलरसुद्धा टेबलाच्या दिशेने फिरवलेला असतो. मेमध्ये लिहून ठेवलेले माझे आकडे जुलैमध्ये चुकायला लागले. मी मार्करला विचारलं तर तो म्हणाला, "पहिले पाच शॉट फुकट घालव. टेबल काय म्हणतंय ते ऐक, मग पैशाचा खेळ." रोज ओल्या कापडावर हात फिरवणाऱ्या माणसाचं हे ज्ञान. कुठल्या क्लिपचा क्रमांक देणार त्याला?

आता हे सगळं मी का लिहितोय ते सांगतो. माझी बहीण यंदा बारावीला आहे, सीईटी द्यायची आहे. घरात महिनाभर एकच वाद चाललाय. एका ऑनलाइन क्लासचा व्हिडिओ कोर्स घ्यायचा, की पुस्तकं घेऊन जवळच्या सरांकडे जायचं. कोर्सची रक्कम आमच्या घरासाठी लहान नाही. बाबा म्हणाले, "तू इंजिनियर आहेस, तू ठरव." त्यांना वाटतं मला माहीत असेल. मी ज्या पद्धतीने इंजिनियर झालो ती पद्धत मला एक बॉल पॉकेटमध्ये घालायला शिकवू शकली नाही, हे त्यांना कसं सांगायचं? कामावरही हे जाणवलंय. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता सर्व्हर पडला होता, मी व्हिडिओ शोधत होतो आणि माझ्याहून लहान एका मुलीने डॉक्युमेंटेशनचं पान उघडून, वाचून, दहा मिनिटांत तो उभा केला. तिने ते पान आधी कधी पाहिलेलं नव्हतं. तिला फक्त वाचता येत होतं.

तरी पुस्तकंच घ्या असं मी सरळ म्हणू शकलो नाही. कारण 'मध्यम जोर' मला पुस्तकाने शिकवला नाही, हेही खरंच.

एका रविवारी सकाळी पार्लर रिकामं असताना मी तिला घेऊन गेलो. एरवी तिथे मुली येत नाहीत, सिगरेटचा धूर असतो आणि नजराही असतात. मार्करने खिडक्या उघडून दिल्या आणि टेबल पुसून दिलं. मी तिला फोनवर एक बँक शॉट लावून दिला आणि क्यू बॉलला लागण्याआधी पॉज केला. कागद दिला. म्हटलं, बॉल कुठे आपटेल तिथे खूण कर. तिने खूण केली. प्ले केलं. चुकली, दोन बोटांनी. मग परत मागे नेऊन पाहिलं, या वेळी आवाज ऐकत. दुसऱ्या व्हिडिओला एका बोटाने चुकली. पाचव्याला बरोबर. मग टेबलावर आली आणि सगळेच चुकले, पण ती हसत होती आणि प्रत्येक वेळी कुठे चुकला ते आधी सांगत होती. "दादा, आखूड गेला. जोर जास्त झाला ना?"

कोर्सचा निर्णय अजून झालेला नाही, सध्या ती चाचणीसाठी मिळालेले फुकटचे व्हिडिओ पाहते. प्रत्येक गणित सुरू झालं की पॉज करते, वहीत स्वतः सोडवते, मग पुढे नेते. स्क्रीन पंधरा पंधरा मिनिटं थांबलेली असते. बाबा जाता-येता डोकावतात आणि राउटर बंद करून परत चालू करतात. त्यांना वाटतं नेट गेलंय.